भाजलेल्या मुलांसाठी ऋणदाब उपचार

गरम चहाचा पेला कलंडतो आणि क्षणार्धात लहान मुलाचा हात पोळतो. जखम यथाकाल भरून येते. परंतु ती किती दिवसांत भरते, यावर कायमचा वण राहणार की नाही, हे पुष्कळसे अवलंबून असते. तीन आठवड्यांनंतरही जखम भरली नाही, तर जाड व ताठर वण येण्याचा धोका बराच वाढतो. असा वण सांध्यावर असल्यास वाढत्या वयात हालचालींस अडथळा होतो. म्हणूनच जखम लवकर भरून आणणे हे उपचाराचे एक प्रमुख उद्दिष्ट होय.

ऋणदाब उपचाराचा विचार या दृष्टीने होऊ लागला. या पद्धतीत जखमेवर स्पंजासारखे सच्छिद्र आच्छादन ठेवून ते हवाबंद पारदर्शक पापुद्र्याने झाकतात व नळीने लहानशा पंपाला जोडतात. आतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा सामान्यतः ८० ते १२५ मिलिमीटर पाऱ्याइतका कमी राखला जातो. त्यामुळे जखमेतील द्राव ओढला जातो आणि सूज उतरण्यास मदत होते. अमेरिकेतील अर्जेंटा व मॉरिक्वास यांनी १९९७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केल्यावर ही पद्धत रूढ झाली. तथापि, भाजलेल्या मुलांबाबत भक्कम पुरावा दीर्घकाळ उपलब्ध नव्हता.

या प्रश्नाची पद्धतशीर तपासणी ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील मुलांच्या रुग्णालयात झाली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. शरीराचा ५ टक्क्यांहून कमी भाग भाजलेल्या ११४ मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गटांत विभागण्यात आले. एका गटास चांदीयुक्त पट्टीचा नेहमीचा उपचार मिळाला. दुसऱ्या गटास त्याच्या जोडीला ऋणदाबाचा पंप लावण्यात आला. निवड डॉक्टरांच्या मर्जीवर नसल्याने सौम्य जखमा एकाच गटात जमण्याचा संभव टळला. नेहमीच्या उपचाराने जखम भरण्यास मध्यमानाने १० दिवस लागले, तर पंपाच्या साहाय्याने ८. वणावरील पुढील उपचारांसाठी पाठवावे लागण्याची जोखीमही सुमारे ६० टक्क्यांनी घटली.

दोन दिवसांचा हा फरक लहान वाटला, तरी मुलाच्या दृष्टीने तो मोलाचा आहे. अर्थात, ही चाचणी एकाच रुग्णालयातील व लहान जखमांपुरती होती. मोठ्या जखमांना तिचे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येणार नाहीत. शिवाय या उपचारास यंत्र आणि प्रशिक्षित परिचारिका लागतात.

प्रथमोपचारास मात्र यंत्र लागत नाही. भाजताच, किंवा उशिरात उशिरा तीन तासांच्या आत, जखमेवर २० मिनिटे थंड वाहते पाणी सोडावे. बर्फ, शाई वा दंतमंजन लावू नये आणि मुलास त्वरित दवाखान्यात न्यावे. शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांनी एवढी माहिती घरोघरी पोहोचविली, तरी अनेक मुलांच्या जखमांची तीव्रता कमी होऊ शकेल.