हवा काढली, ओल राहिली

सोलापुरातून पुण्याला किंवा परदेशी निघालेल्या कोणाचीही बॅग उघडली, तर कपड्यांच्या घड्यांत शेंगाचटणीची एक तरी पुडी सापडतेच. पूर्वी ती डबा, डब्यावर फडकं, फडक्यावर दोरी अशा बंदोबस्तात जायची आणि तरीही तेल शर्टाला लागायचंच. आता अनेक घरांत ओट्यावर हवा ओढून पिशवी चिकटवणारं लहानसं मशीन आलं आहे. चटणीची सोय झाली खरी, पण तिच्या मागोमाग हुरडा, सोललेला लसूण, मटणाचा रस्सा आणि चक्क कडक भाकरीही पिशवीत जाऊ लागली. एकदा हवा काढली की महिनाभर बघायला नको, हा त्यामागचा भरवसा. चटणीच्या बाबतीत तो बऱ्यापैकी खरा आहे, रश्श्याच्या बाबतीत धोक्याचा आणि भाकरीच्या बाबतीत निव्वळ हौसेचा.

चटणी का टिकते ते आधी पाहू. भाजलेले दाणे, तिखट, मीठ, जिरं आणि लसूण उखळात कुटलं की दाण्यांचं तेल सुटतं. त्या तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संबंध आला की काही आठवड्यांत खवट वास येतो. हवा काढल्यावर ही क्रिया मंदावते. मुळात ही चटणी कोरडी असते, त्यामुळे जंतूंना वाढायला लागणारं पाणी तिच्यात नसतं. म्हणजे टिकवण्याचं निम्मं काम भाजण्यातच उरकलेलं असतं. मशीन फक्त खवटपणा लांबवतं. लसूण सढळ हाताने आणि ओलाच घातला असेल, तर मात्र ती पिशवी फ्रिजमध्येच ठेवावी.

हवाबंद पिशवीत बुरशीचा प्रश्नच मिटतो, असंही सांगितलं जातं. हवेविना बुरशी वाढत नाही हे बरोबर, पण शेंगदाण्यावर आधीच येऊन गेलेल्या बुरशीने सोडलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष हवा काढल्याने जात नाही आणि भाजण्यानेही पूर्ण नष्ट होत नाही. काळे पडलेले, सुरकुतलेले दाणे सुपात निवडून टाकणाऱ्या आजीचं काम कुठलंच मशीन करत नाही.

खरा घोळ ओल्या पदार्थांचा आहे. हवा नाही म्हणजे जंतू नाहीत, असं गृहीत धरलं जातं. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूची तऱ्हा नेमकी उलटी: त्याला हवा नकोच असते. त्याचे बीजाणू मातीत असतात, मातीतून लसूण-बटाट्यावर येतात आणि साध्या उकळीने मरत नाहीत. त्यासाठी प्रेशर कुकरसारखं १२१ अंशांचं तापमान लागतं. पदार्थ ओला, आंबटपणा कमी (पीएच ४.६ पेक्षा जास्त), आसपास ऊब आणि हवा नाही, असं जमलं की ते बीजाणू जागे होऊन विष तयार करतात. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एका रेस्टॉरंटमधल्या तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जण आजारी पडले. बाटली फ्रिजबाहेर ठेवली गेली होती आणि तेलाने लसणाची हवा तोडली होती. तेलात बुडवून ओट्यावर ठेवलेला मिरची-लसणाचा ठेचा याच जातीतला. लोणच्याचं उदाहरण इथे लागू पडत नाही, कारण त्याला आंबटपणा आणि मीठ सांभाळतात.

वास घेऊन कळेल, हा भरवसाही तोकडा. पदार्थाला घाण वास आणणारे बरेचसे जंतू हवेवर जगणारे असतात. हवा गेली की ते मागे पडतात, आणि पदार्थ दिसायला आणि वासाला ताजा असतानाच विषारी झालेला असू शकतो. पिशवी आपोआप फुगली असेल, तर चाखूनही पाहू नये, सरळ फेकावी.

आता रस्सा. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला पोचायला साधारण चार तास लागतात. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये आणि पारा ३२ अंशांवर असेल तर तासाभरापेक्षा जास्त नाही, असा अन्नसुरक्षेचा ठोकताळा आहे. सोलापूरचा उन्हाळा तर चाळिशी सहज ओलांडतो. म्हणून रस्सा पाठवायचाच, तर आधी फ्रीझरमध्ये दगडासारखा गोठवावा, मग पिशवीत भरावा आणि बर्फाच्या डब्यातून न्यावा. गोठवण्याचा दुसरा फायदा असा की रस्सा मशीनमध्ये ओढला जात नाही. फ्रिजमध्ये ठेवलेली शिजवलेली भाजी हवा काढली तरी तीन-चार दिवसांचीच सोबती.

हुरड्याचंही तेच. कोवळा, दुधाळ दाणा ओलाच असतो. त्याची जागा उणे १८ अंशांचा फ्रीझर. डाळिंबाचे दाणे आधी ताटात सुटे पसरून गोठवले, तर हवा ओढताना त्यांचा रस निघत नाही.

कडक भाकरीला मात्र यातलं काहीच नको. ती वाळवलेलीच असते. मशीनने हवा ओढली की तिचा चुरा होतो, आणि चुरा नाही झाला तर तिची धारदार कड पिशवीला भोक पाडते. तिला झाकण घट्ट बसणारा पत्र्याचा डबा पुरतो.

पिशवी नीट चिकटत नाही, ही तक्रार चटणीवाल्यांचीच जास्त, आणि दोष बहुधा मशीनचा नसतो. चटणीची पूड किंवा तेलाचा ओघळ पिशवीच्या तोंडाशी लागला की प्लास्टिक प्लास्टिकला धरत नाही. भरण्याआधी तोंड बाहेरच्या बाजूने दुमडावं, भरून झाल्यावर उलगडून कोरड्या फडक्याने पुसावं. वर सात-आठ सेंटीमीटर जागा मोकळी सोडावी आणि चटणीवर कागदाची घडी ठेवावी, म्हणजे पूड वर उडत नाही. तोंडाला सुरकुती राहिली तर तिथूनच हवा शिरते. तेलकट पदार्थाला थोडं अंतर सोडून दुसरी शिवण द्यावी. ओळीने दहा पिशव्या चिकटवल्या की पट्टी तापून प्लास्टिक वितळतं, म्हणून मध्ये अर्धा मिनिट थांबावं. हवा ओढलीच जात नसेल, तर कडेच्या रबरावर कण अडकलाय का ते आधी पाहावं.

पिशवीचीही जात बघावी लागते. घरगुती मशीनला आतून खरबरीत पिशवी लागते. गुळगुळीत पिशवीचे दोन्ही थर एकमेकांना चिकटून हवेची वाटच बंद होते. साध्या पॉलिथिनमधून ऑक्सिजन हळूहळू आत येतो, नायलॉनचा थर असेल तर तो बराच अडतो. आणि दुकानदार वापरतात ते नुसतं दाबून चिकटवायचं सीलर हवा काढतच नाही, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही.

ज्वारीला मात्र हवाबंद साठवण मानवते, आणि ही युक्ती मशीनच्या कितीतरी आधीची. जमिनीखालच्या पेवात धान्य भरून तोंड लिंपलं की दाणे आणि किडे मिळून आतला ऑक्सिजन संपवतात आणि किडेच गुदमरतात. सांगलीजवळच्या हरिपुरात अशाच पेवांत हळद साठवली जायची. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं खचली. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे, बराच वेळ तोंड मोकळं ठेवून मगच माणूस आत सोडत. आणि भिंतीला ओल आली असेल, तर कडेचा थर कुजलेलाच निघायचा.