दूरध्वनीवरील संगणकसंवाद आणि आठवा बिट

दूरध्वनीच्या तारेने दोन घरांतील संगणक जोडण्याची पद्धत १९९० च्या दशकात रूढ होती. मोडेम अंकांचे स्वरांत व स्वरांचे पुनश्च अंकांत रूपांतर करी, इतकेच. एका संगणकाने हाक घालावी व दुसऱ्याने उत्तर द्यावे, अशी आज्ञा दिल्यावरही वेग, प्रत्येक वर्णाचे बिट आणि समता-बिट यांविषयी उभयपक्षी एकवाक्यता आवश्यक असे.

यांपैकी बिटांची संख्या भाषाभ्यासकांच्या दृष्टीने विशेष लक्षणीय होय. रोमन लिपीच्या आस्की संकेतास सात बिट पुरतात. १९९१ च्या भारतीय मानकातील इस्की संकेताने मात्र नागरी वर्णांना १२८ च्या पुढील स्थाने दिली. तेथे आठवा बिट अर्थवाहक ठरतो. जोडणी सात बिटांची ठेविल्यास १७९ या स्थानावरील ‘क’ पलीकडे ५१ होऊन, म्हणजे तिनाचा अंक होऊन उतरे. इंग्रजी पत्र सुखरूप पोचे, मराठी पत्र मात्र निरर्थक होई. आणि समतेच्या तपासणीस त्यात काहीच वावगे आढळत नसे.

यावर उपाय दोन. आठ बिट, समतारहित, एक विराम-बिट अशी मांडणी उभयतांनी करणे, हा पहिला. दुसरा कोलंबिया विद्यापीठात १९८१ साली निर्माण झालेल्या कर्मिट या संकेताचा. त्यात आठव्या बिटाच्या वर्णापूर्वी ‘&’ हे चिन्ह योजून सात बिटांच्या मार्गानेही तो वर्ण अविकृत नेता येई. पाणिनीच्या अनुबंधाप्रमाणे हे चिन्ह आपले कार्य करून लोप पावे आणि ‘क’ पुनश्च सिद्ध होई.