पेणचे गणपती आणि फोर्डची मोटार

रायगडातल्या पेणचे गणपतीचे कारखाने पाहिले की मला हमखास हेन्री फोर्ड आठवतो. 1913 साली अमेरिकेतल्या हायलंड पार्क कारखान्यात त्याने सरकती जुळणी-साखळी सुरू केली. मॉडेल टी गाडीची चासी जोडायला आधी 12 तासांहून जास्त वेळ लागायचा, तो दीड तासावर आला. काम कामगारापुढे येई आणि प्रत्येकाने आपल्या वाट्याचं एकच काम करायचं.

पेण, हमरापूर, जोहे भागात सरकता पट्टा नाही, पण कामाची वाटणी तशीच. मूळ मूर्ती घडवणारा कसबी मूर्तिकार वेगळा. तिच्यावरून रबराचा साचा होतो. मग कोणी प्लास्टर आणि काथ्या भरतो, कोणी सांधे बुजवतो, कोणी घासून गुळगुळीत करतो. रंगाच्या वेळी मूर्तींची रांगच लागते: एकाने सगळ्यांना अंगाचा रंग द्यायचा, दुसऱ्याने पितांबराचा, तिसऱ्याने दागिन्यांचा. बऱ्याच मूर्ती तर रंग न देता कच्च्याच बाहेरगावी जातात आणि तिकडचे कारागीर त्या रंगवतात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती काही महिने आधीच जहाजाने निघतात.

डोळ्यांची आखणी मात्र कुठल्याही साच्यात बसत नाही. डोळे रेखणारा हात वेगळाच, आणि पेणच्या मूर्तीचं नाव झालं ते त्या डोळ्यांमुळे, असं माझं ठाम मत आहे.

चतुर्थीच्या महिनाभर आधी पेणला जा आणि आखणी चालू असलेला एखादा कारखाना मालकांना विचारून नक्की बघा.