मंदिरात गेलेले दोघे : उपासनेतला खरेपणा आणि नम्रता

उपासना मनापासून असावी आणि नम्र असावी, हे सांगायला व्याख्यानाची गरज नाही. रविवारच्या शाळेतलं मूलही ते सांगेल. अडचण त्याच्या पुढे आहे. माणूस अगदी मनापासून प्रार्थना करतो, एक शब्दही खोटा बोलत नाही, आणि तरी त्याची उपासना फसते, असं होऊ शकतं का? येशूच्या एका दाखल्यात नेमकं हेच होतं, म्हणून आज आम्ही बराचसा वेळ त्या एकाच दाखल्यावर घालवणार आहोत. लूकचं शुभवर्तमान, अध्याय १८, वचनं ९ ते १४.

दोन माणसं यरुशलेमच्या मंदिरात प्रार्थनेला जातात. एक परूशी, दुसरा जकातदार. परूशी देवाचे आभार मानतो, की आपण इतर लोकांसारखे नाही, आणि त्या तिथल्या जकातदारासारखे तर नाहीच. मग तो आपले उपवास आणि दशांश सांगतो. जकातदार लांब उभा राहतो, वर बघायलाही धजत नाही, ऊर बडवत दयेची याचना करतो. येशू म्हणतो, देवापुढे नीतिमान ठरून घरी गेला तो हा दुसरा.

आपण ही गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे, की परूशी म्हटल्याबरोबर ढोंगी माणूसच डोळ्यांपुढे येतो. ज्यांनी ती पहिल्यांदा ऐकली त्यांना तसं मुळीच वाटलं नसणार. परूशी म्हणजे समाजात मान असलेला, नियमशास्त्र जिवापाड पाळणारा माणूस. नियमशास्त्राने सगळ्यांना बंधनकारक केलेला उपवास वर्षातून एकच, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. हा गृहस्थ आठवड्यातून दोनदा करतो. दशांश मुख्यतः शेताच्या उत्पन्नाचा आणि गुराढोरांचा असे. हा मिळेल त्या सगळ्याचा देतो. आणि जकातदार कोण? वसुलीचं काम घेऊन आपल्याच लोकांकडून पैसा काढणारा, ठरल्यापेक्षा जास्त निघाला तर तो खिशात घालणारा. जकात नाक्यावर रात्रभर ट्रक उभा करून बसलेला कुणी ड्रायव्हर इथे असेल, तर त्याला हे फार फोड करून सांगावं लागणार नाही!

आता बघा, परूशी खोटं बोलतोय असं दाखल्यात कुठेही म्हटलेलं नाही. तो खरंच उपवास करतो, खरंच दशांश देतो, आणि श्रेयसुद्धा स्वतःकडे न घेता देवाचे आभार मानतो. म्हणजे तो प्रामाणिक आहे. मग बिघडलं कुठे?

काही जण म्हणतील, त्याने आपली कामं देवापुढे मोजून दाखवली, हीच चूक. पण ते इतकं सोपं नाही. अनुवादाच्या २६ व्या अध्यायात उपासकाने दशांश दिल्यावर देवापुढे काय बोलायचं, याचा नमुनाच दिला आहे. मी पवित्र वाटा घराबाहेर काढला, लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांना दिला, तुझी आज्ञा मोडली नाही, अशा आशयाचं ते निवेदन आहे. म्हणजे परूशी जे करतोय त्याला शास्त्रात आधार आहे. पण त्या निवेदनाचा शेवट वाचा. उपासक शेवटी देवाला विनवतो, की स्वर्गातून खाली पाहा आणि तुझ्या प्रजेला, या भूमीला आशीर्वाद दे. तिथे लेवी आहे, परका आहे, विधवा आहे, सगळी प्रजा आहे, आणि मागणं आहे. परूश्याच्या प्रार्थनेत यातलं काय उरलं? प्रजा गेली, मागणंही गेलं. मूळ ग्रीक वाक्यात क्रियापदं मोजली तर पाच प्रथमपुरुषी निघतात, आणि देवाजवळ मागितलेली गोष्ट एकही निघत नाही. दुसरा माणूस त्या प्रार्थनेत येतो तो फक्त मोजपट्टी म्हणून. आम्हाला वाटतं, बिघाड इथे आहे. तो खोटं बोलला नाही. खरं बोलण्यासाठी त्याला शेजारचा माणूस खाली असावा लागला.

जकातदाराकडे या. त्याची प्रार्थना मुळात सहाच शब्दांची आहे, पण त्यातल्या दोन गोष्टी भाषांतरात निसटतात. एक, तो स्वतःला नुसता पापी म्हणत नाही, ग्रीकमध्ये तिथे निश्चित उपपद आहे, जणू पापी म्हणून मोजायला दुसरा कुणी नाहीच. तुलना संपली. दुसरी, दयेसाठी त्याने वापरलेलं क्रियापद नेहमीचं नाही. ते प्रायश्चित्ताशी, पाप झाकलं जाण्याशी जोडलेलं आहे. मंदिरात सकाळी आणि दुपारनंतर सगळ्या लोकांसाठी कोकराचा होम होत असे, आणि लोक त्या वेळी प्रार्थनेला जमत. काही अभ्यासक म्हणतात, दोघे त्याच वेळी आले होते, आणि समोर जो यज्ञ चालला आहे तो मलाही लागू होऊ दे, असं जकातदार मागतो आहे. आम्हाला हा अर्थ पटतो. कारण मग त्याची नम्रता म्हणजे स्वतःला लाखोली वाहणं राहत नाही. सगळ्यांसाठी जे मांडलं आहे त्यात तो आपला वाटा मागतो. आणि ऊर बडवणं? लूकने ते आणखी एकदाच लिहिलं आहे, वधस्तंभापासून परतणाऱ्या गर्दीबद्दल. आपल्याकडेही माणूस ऊर बडवतो तो घरात कुणी गेल्यावरच.

इथवर सगळं ठीक. पण गोष्ट संपता संपता आपण मनात काय म्हणतो? बरं झालं, आपण त्या परूश्यासारखे नाही! झालं, दाखल्याने आपल्याला पकडलं.

ही थट्टा नाही, इतिहासात असं घडलेलं आहे. 'दिदाखे' नावाचं फार जुनं ख्रिस्ती पुस्तक आहे. त्यात विश्वासणाऱ्यांना सांगितलं आहे, की ढोंगी लोक सोमवारी आणि गुरुवारी उपवास करतात, तर तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. वार बदलले, दोनाचा आकडा मात्र तसाच राहिला! आणि पुढे शतकानुशतकं ख्रिस्ती लोकांनी परूशी हा शब्द यहुद्यांना शिवी म्हणून वापरला. तलमूदमध्ये यहुदी गुरूंनी स्वतःच परूश्यांचे सात प्रकार सांगून दिखाऊ धर्माची टर उडवली आहे, याचा त्यांना पत्ताही नव्हता.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळीने मात्र यावर मोठी शहाणी तोड काढली. ईस्टरच्या आधीचा मोठा उपवासकाळ सुरू होण्यापूर्वी तीन आठवडे त्यांच्याकडे परूशी आणि जकातदार यांचा रविवार येतो. त्याच्या पुढच्या आठवड्यात बुधवार-शुक्रवारचे नेहमीचे उपवासही करायचे नाहीत, असा नियम आहे. कशासाठी? आठवड्यातून दोनदा उपवास करतो, असं म्हणायला त्या आठवड्यात कुणाला जागाच राहू नये म्हणून. नम्रतेवर प्रवचन देण्यापेक्षा जेवायला बसवणं, हे आम्हाला जास्त परिणामकारक वाटतं.

आपल्या प्रार्थनासभांचंही जरा बोलू. डोळे मिटलेले असतात, पण प्रार्थना चाललेली असते शेजारच्याला ऐकवण्यासाठी. प्रभो, आमच्यातल्या काहींची मनं कठीण झाली आहेत, त्यांना तू मऊ कर! काही म्हणजे कोण, हे सगळ्यांना कळलेलं असतं. साक्ष देतानाही तसंच. मी किती वाईट होतो याची चढाओढ लागते, आणि जकातदार व्हायलासुद्धा पहिला नंबर हवा असतो.

म्हणून काही जण म्हणतात, ठरावीक छापील प्रार्थना नकोत, त्या पोपटपंची होतात, उत्स्फूर्त बोला म्हणजे खरेपणा येईल. आमचं मत थोडं उलटं आहे. जकातदाराच्या विनवणीचा पडसाद पूर्वेकडच्या येशू-प्रार्थनेत आहे, ती जपमाळेवर वारंवार म्हटली जाते. रोमन कॅथलिक मिस्सामध्ये पापकबुलीच्या वेळी छातीवर हात मारतात, आणि ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वी आपण योग्य नाही असं म्हणतात. ते शब्द मुळात एका रोमी शताधिपतीचे, म्हणजे परक्याचे. अँग्लिकन उपासनेत १५४८ पासून प्रभुभोजनापूर्वीची एक प्रार्थना आहे, ती मेजाखालच्या चुऱ्यांची गोष्ट बोलणाऱ्या परराष्ट्रीय बाईची आठवण देते. हे शब्द दर रविवारी मनात भिनतातच असं नाही, कबूल. पण दुसऱ्याने दिलेल्या, सगळ्यांनी मिळून म्हणायच्या शब्दांत शेजाऱ्याकडे बोट दाखवायला जागा नसते. बिशप आणि झाडूवाला तेच वाक्य म्हणतात. भावना कधी मागून येते, कधी येतही नाही, तरी वाक्य खरंच असतं.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही. जकातदार लांब उभा राहिला तो आपण होऊन. दुसऱ्याने लांब उभं केलेल्या माणसाला नम्र म्हणत नाहीत. दक्षिण भारतातल्या चर्चमध्ये उच्च मानल्या गेलेल्या जातींचे ख्रिस्ती वेगळे बसत आणि प्रभुभोजन आधी घेत. कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी १८३३ मध्ये पत्र काढून जातिभेद चर्चमधून तत्काळ काढून टाकायला सांगितलं, तेव्हा तंजावरकडच्या अनेकांनी भेद सोडण्याऐवजी चर्च सोडलं. ती माणसं उपासनेत मनापासून गात नसतील असं आम्ही म्हणणार नाही. पण करिंथमध्ये श्रीमंत आधी जेवत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हा पौलाने त्यांना साफ लिहिलं, की तुम्ही जे खाता ते प्रभूचं भोजन नव्हेच. तळाशी ढकललेल्यांना नम्रता शिकवायला आजही लोक उत्सुक असतात. हा दाखला मात्र कुणाला सांगितला ते लूकने आधीच लिहिलं आहे, जे स्वतःला नीतिमान समजून बाकीच्यांना तुच्छ मानत, त्यांना.

जकातदार दुसऱ्या दिवशी नाक्यावर गेला का, हे दाखला सांगत नाही. पण पुढच्याच अध्यायात, यरीहोत, लूक आपल्याला एका मुख्य जकातदाराकडे नेतो. जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला आणि लुबाडलेलं चौपट परत करायला तयार होतो. येशू त्याच्या घरी उतरला, तेव्हा बाहेर जमलेले सगळे कुरकुरत होते, की हा पापी माणसाकडे पाहुणा म्हणून गेला.