उन्हाळी खेळ आणि रागाचा जमाखर्च

उन्हाळा लागला म्हणजे आमच्या नगर जिल्ह्यांत पाण्याचा तुटवडा पडतो. मतांचा मात्र कधींच पडत नाहीं. सरकारदप्तरीं २०२४ सालीं जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें. ज्या चौंडीस अहिल्यादेवींचा जन्म झाला ती आमच्याच जिल्ह्यांतली, तेव्हां त्यांत आनंदच आहे. परंतु जिभेचें जुनें वळण लवकर सुटत नाहीं, म्हणून येथें बहुधा नगर हेंच नांव येईल.

विहिरींचा तळ दिसूं लागावा आणि खेळांना भरती यावी असा इकडचा सृष्टिक्रमच आहे. होळीपासून पाडव्यापर्यंत मढीस कानिफनाथांची यात्रा भरते आणि जत्रांचा हंगाम सुरू होतो. गांवोगांव आखाड्याची माती खणली जाते, हलगी कडाडूं लागते. त्याच सुमारास शहरांतून वीस-वीस षटकांच्या क्रिकेटची रात्रीची जत्रा बसते, ती दोन महिने उठत नाहीं. पुढें ज्येष्ठ-आषाढांत विलायतेचा उन्हाळा, आणि पौषांत आम्ही रजई पांघरून बसलों असतां ऑस्ट्रेलियाचा. दुसऱ्यांचे उन्हाळेही आम्ही आमच्याच हिशेबीं धरतों. कारण आमच्यासारख्या बसल्या जागेवरून खेळणाऱ्या मंडळींस बारा महिने काम लागतें.

इतके उन्हाळे असे काढल्यावर एखादा सिद्धान्त हातीं लागणें क्रमप्राप्तच होतें. तो असा कीं, धांवा आणि गडी मोजून खेळाडूची किंमत कळत नाहीं. त्याला राग आला असतां तो त्या रागाचें काय करतो, यावरून कळते. राग हें भांडवल आहे. तें धंद्यांत घालावयाचें कीं भर बाजारांत उधळावयाचें, एवढाच प्रश्न. या सिद्धान्ताचा पुरावा शोधण्यास आम्हांस जिल्ह्याबाहेर जावें लागत नाहीं, ही त्यांतली विशेष सोय.

पहिला पुरावा श्रीरामपूरचा. झहीर खान यांचा जन्म तेथें १९७८ सालच्या ऑक्टोबरांत झाला. दुसरा पुरावा संगमनेर तालुक्यांतील आश्वी खुर्दचा; अजिंक्य रहाणे तेथें ६ जून १९८८ रोजीं जन्मले. दोन्ही गांवें प्रवरेच्या अंगाचीं. प्रवरेचें पाणी उसाला मानवतें हें सर्वांस ठाऊक आहे. तें क्रिकेटलाही मानवतें असें आमचें नम्र मत आहे. यावर झहीर घडले मुंबईच्या मैदानांवर आणि रहाणे वाढले डोंबिवलीस, असा आक्षेप येतो. डोंबिवलीचे आमचे एक आप्त तर दर दिवाळींत हा वाद उकरून काढतात. त्यांस आम्ही एवढेंच सांगतों कीं, ऊस कोठेंही गाळला तरी तो पिकला कोठें हें विसरूं नये.

झहीर यांची आम्हांस सर्वांत प्रिय असलेली हकीकत गोळ्यांची. २००६ सालीं भारतीय संघांत त्यांस जागा राहिली नव्हती. तेव्हां कोणाच्या नांवानें बोटें न मोडतां ते विलायतेंत वूस्टरशरकडून उन्हाळाभर खेळले व त्यांनीं ७८ गडी बाद केले. पुढच्याच वर्षीं ते भारतीय संघांतून तेथें गेले. नॉटिंगहॅमच्या ट्रेंट ब्रिज मैदानावर जुलै २००७ च्या अखेरीस दुसरा कसोटी सामना चालू होता. झहीर फलंदाजीस आले, तों खेळपट्टीवर रंगीत गोळ्या पडलेल्या. जेली बीन म्हणतात तशा. आपल्या लिमलेटच्या गोळीची मऊ बहीणच. त्यांनीं त्या बाजूस सारल्या. थोड्या वेळानें पाहतात तों पुनः गोळ्या! तेव्हां मात्र त्यांचें पित्त खवळलें व बॅट रोखून त्यांनीं जवळ उभ्या असलेल्या पीटरसन यांस चार शब्द सुनावले. गोळ्या टाकणारा कोण, यावर विलायतेंतील वृत्तपत्रांनीं रकानेच्या रकाने भरले. आमच्या काकूंचें मत एवढेंच पडलें कीं, पाहुण्यास गोळी द्यावयाची तर हातांत द्यावी, वाटेंत टाकूं नये.

पण खरी गंमत पुढें आहे. तो राग झहीर यांनीं बॅटीबरोबर खालीं ठेविला नाहीं. दुसऱ्या डावांत चेंडूंत भरला. ७५ धांवांत ५ गडी. पहिल्या डावांतले ४ धरून सामन्यांत ९. इंग्लंडच्या कप्तानांनीं शतक काढलें तरी निभाव लागला नाहीं. भारतानें सामना ७ गडी राखून जिंकला आणि त्या एका विजयावर मालिकाही जिंकली. १९८६ नंतर विलायतेंत मालिका जिंकण्याची ती पहिलीच वेळ. मूठभर गोळ्यांवर इतकें व्याज कोणत्याही पेढीनें दिल्याचें ऐकिवांत नाहीं.

रहाणे यांची तऱ्हा निराळी. त्यांस राग येतो कीं नाहीं याविषयींच घरांत दोन पक्ष आहेत. १९ डिसेंबर २०२० रोजीं ॲडलेड येथें भारताचा अख्खा डाव ३६ धांवांत आटोपला. कप्तान कोहली अपत्यजन्मासाठीं घरीं परतले आणि फुटलेला संसार रहाणे यांच्या पदरीं आला. मेलबर्नला त्यांनीं ११२ धांवा केल्या. त्या डावाचा शेवट कसा झाला, तें पाहण्यासारखें आहे. जडेजा ४९ धांवांवर होते. त्यांच्या अर्धशतकाची ती एक धांव घेतांना रहाणे धांवचीत झाले. दुसरा कोणी असता तर बॅट आपटीत, मागें वळून जळजळीत कटाक्ष टाकीत तंबूंत गेला असता. क्रिकेटमध्यें ती रूढीच आहे. रहाणे जडेजांकडे गेले, त्यांची समजूत घातल्यासारखें करून मग परतले. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस या प्रसंगाचें मोल निराळें सांगावयास नको. धाकट्या भावाच्या हातून दुधाचें पातेलें सांडल्यावर वडील भावानें काय करावें, याचा वस्तुपाठ आमच्या घरीं तेव्हांपासून याच प्रसंगावरून दिला जातो. वस्तुपाठ देणाराच कधीं कधीं ओरडत देतो, ही गोष्ट वेगळी.

तो सामना भारतानें जिंकला. ब्रिस्बेन येथें १९ जानेवारी २०२१ रोजीं मालिकाही जिंकली. मुंबईस घरीं स्वागत झालें, तेव्हां लोकांनीं हौसेनें केक आणला, त्यावर कांगारूची आकृति होती. रहाणे यांनीं तो कापण्याचें नाकारलें. कांगारू हें त्या लोकांचें राष्ट्रीय चिन्ह. हरलेल्यांचा असा अपमान कशास करावा, असा त्यांचा विचार. आमच्या घरच्या मुलांस मात्र त्या केकचें पुढें काय झालें, ही चिंता बरेच दिवस होती.

सौम्यपणा दुरून संथपणासारखा दिसतो, हा त्यांतला तोटा. जानेवारी २०२२ नंतर रहाणे यांस कसोटी संघांत जागा मिळाली नाहीं. २०२३ च्या हंगामासाठीं चेन्नईच्या संघानें त्यांस ५० लाखांस घेतलें. आमचे तात्या वीस षटकांच्या खेळास क्रिकेट म्हणत नाहींत, 'लिलाव' म्हणतात. आणि जेथें खेळाडूंचे आंकडे कोटींत चालतात तेथें ही रक्कम म्हणजे भाजीबाजारांतील शेवटचा वांटा. परंतु ८ एप्रिल रोजीं वानखेडे मैदानावर याच गृहस्थांनीं २७ चेंडूंत ६१ धांवा काढल्या, पंधरा दिवसांनीं कलकत्त्यास २९ चेंडूंत नाबाद ७१. तात्या त्या दोन्ही रात्रीं 'पाणी प्यावयास' म्हणून दिवाणखान्यांत आले व शेवटपर्यंत पाणी पीत बसले. त्या उतावळ्या खेळाच्या जोरावर रहाणे संथ खेळांत परत आले. जूनमध्यें ओव्हलवर जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यांत बोटावर चेंडू बसूनही त्यांनीं ८९ धांवा केल्या. सामना आपण हरलों, २०९ धांवांनीं. पण अठरा महिने बाहेर बसलेल्या माणसाच्या त्या ८९ धांवांत तक्रारीचा एक शब्द नव्हता, आणि आम्हांस तेवढें पुरलें.

आतां मातीकडे वळूं. कारण आमच्या सिद्धान्ताचा सर्वांत दुःखद दाखला तेथेंच आहे, आणि तोही ऐन नगरांत घडलेला.

ज्यांनीं जत्रेंतला आखाडा पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. उन्हें कलंडलीं कीं हौद्याभोंवतीं माणसांचें कडें बसतें. आरंभीं लहान पोरांच्या कुस्त्या, इनाम रेवड्यांचें. गुडघ्याएवढीं पोरें शड्डू ठोकून एकमेकांस भिडतात आणि हरलेला रडूं लागला कीं पंच त्याच्याही मुठींत चार रेवड्या घालतात. मग नारळाच्या, मग रुपयांच्या, असा चढता क्रम होत दिवेलागणीस शेवटची मानाची कुस्ती. पाठ टेकली कीं कुस्ती निकाली. येथें गुणांचा हिशेब नसतो. पाठीला लागलेली ताजी माती हाच निकालपत्राचा कागद. तो सहस्र लोक वाचतात, ज्यास अक्षरओळख नाहीं तोही वाचतो. (मातींत लोळणाऱ्याच्या पाठीस माती आधींच असते, असें तात्या म्हणतात, पण चांगला मुद्दा मोडण्याची त्यांस हौसच आहे.)

महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेंत मात्र मातीबरोबर गादीही असते. मातीवरचा विजेता व गादीवरचा विजेता यांची अखेर गांठ पडते आणि जिंकणाऱ्यास चांदीची गदा मिळते. १९६१ पासून चालत आलेला हा मान. गदा खांद्यावर घेतलेल्या मल्लाचें चित्र ज्याच्या भिंतीवर नाहीं अशी तालीम या प्रांतीं सांपडणें कठीण. ६७ वी स्पर्धा नगरच्या वाडिया पार्कवर भरली, आणि २ फेब्रुवारी २०२५ रोजीं, वसंतपंचमीच्या दिवशीं, तिचा निकाल लागावयाचा होता. गादी विभागाच्या अंतिम लढतींत पृथ्वीराज मोहोळ यांनीं शिवराज राक्षे यांस चीत केल्याचा निर्णय पंचांनीं दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असें राक्षे यांचें म्हणणें. ते पूर्वीं दोनदां महाराष्ट्र केसरी झालेले मल्ल. त्यांची व्यथा खरीही असूं शकेल. परंतु वाद वाढला, त्यांनीं पंचांची कॉलर धरली व लाथ मारली. लाथ हा डाव कोणत्याही वस्तादानें शिकविल्याचें आम्हीं ऐकलेलें नाहीं. थोड्याच वेळानें गदेसाठीं मोहोळ आणि सोलापूरचे महेंद्र गायकवाड भिडले. कांहीं सेकंद उरले असतां गायकवाड यांचाही पंचांशीं खटका उडाला व ते लढत सोडून निघून गेले. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाले, पण दुसऱ्या दिवशींच्या वृत्तपत्रांत गदेपेक्षां लाथेचें चित्र मोठें होतें. राक्षे व गायकवाड या दोघांवरही तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

तीन वर्षें हा शब्द उच्चारावयास सोपा आहे. मल्लाच्या आयुष्यांत ऐन ताकदीचीं वर्षें सात-आठच असतात. पहांटे तीनला उठून काढलेल्या जोरबैठका, दूध-तूप-बदामाचा खर्च, त्यापायीं घरच्यांनीं विकलेली एखादी म्हैस किंवा गहाण टाकलेलें शेत, हें सारें त्यांतच वसूल व्हावयाचें असतें. तें भांडवल एका क्षणांत गेलें. आमच्या घरीं त्या रात्रीं मोबाइलवर ती कुस्ती किती वेळां पाहिली गेली याची गणती नाहीं. पुढें नेली, मागें आणली, थांबविली. प्रत्येक जण पंच झाला आणि कोणाचेंही एकमत झालें नाहीं. गादीवर माती नसते. पाठ टेकली तरी ती कोरी, न टेकली तरी कोरी. निदान चित्रफीत पाहून निर्णय देण्याची तरतूद तरी सर्वांसमक्ष व्हावी आणि मल्लाचें म्हणणें तेथल्या तेथें ऐकलें जावें. म्हणजे राग पायांत उतरण्यापूर्वीं त्यास दुसरी वाट मिळेल. हें मत आम्ही हंसण्यावारी देत नाहीं.

हंसण्याची सोय जिल्ह्यानें पुढें पावणेदोन महिन्यांतच करून दिली. कुस्तीगीरांच्या संघटना महाराष्ट्रांत दोन. जुनी परिषद आणि निराळा संघ. नगरची स्पर्धा संघाची झाली, म्हणून परिषदेची आमच्याच जिल्ह्यांत कर्जतला झाली. मार्चच्या अखेरीस, पाडव्याच्या सुमारास, सोलापूरचे वेताळ शेळके तेथें पृथ्वीराज पाटील यांस हरवून महाराष्ट्र केसरी झाले. म्हणजे एका जिल्ह्यांत, एका मोसमांत, दोन केसरी! शिवाय नगरची स्पर्धा ६७ वी आणि तिच्या मागून आलेली कर्जतची ६६ वी. आमच्या पुतण्यानें हें गणित शाळेंत घातलें, तेव्हां वर्गांतील अर्ध्या मुलांनीं उत्तर बरोबर दिलें, असें तो सांगतो. उत्तर काय, तें सांगत नाहीं.

त्या चैत्रांत जत्रेच्या हस्तपत्रिकेवर 'महाराष्ट्र केसरींची खास उपस्थिति' अशी ओळ दिसली कीं लोक 'कोणते? नगरचे कीं कर्जतचे?' असें विचारीत. आमच्या घरीं त्यावर तोडगा निघाला, कीं मोहोळ व शेळके यांची जोड नगर आणि कर्जत यांच्या मधल्या एखाद्या गांवीं, वैशाखांत, भर मातींत लावावी, आणि निकाल पाठीवर वाचावा. काकूंनीं पाहुण्या मल्लांच्या पुरणपोळीचें पत्करलें. पंच म्हणून तात्या तयार झाले; मात्र हौद्यापासून पन्नास हात लांब, सांवलींत खुर्ची मिळाली तरच, असें त्यांनीं आधींच सांगून ठेविलें.