बोटांना ढील हवी

एकतीस वर्षं मी सातपूर एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये डाय बनवल्या. पंच आणि डाय यांच्यात किती जागा ठेवायची हे पत्र्याच्या जाडीवरून ठरतं; तिथे ढिलाई म्हणजे जॉब रिजेक्ट.

शेजारच्या शेडमधल्या माझ्या सोबत्याचा उजवा हात पॉवर प्रेसमध्ये गेला. कोपराखाली चार-पाच इंच उरला. त्याच्यासाठी मी सागवानाचा हात करायला घेतला आणि सवयीने सगळं घट्ट बसवलं. पाची बोटं एकाच सळईला, एकदम मिटणारी. पहिलं बोट तांब्याला टेकलं की बाकीची जागीच अडायची. तांब्या निसटायचा.

मग आपलाच हात बघत बसलो. मूठ आवळताना दुसऱ्या हाताने कोपराखालचा भाग धरून पाहा: हलतात ते तिथले स्नायू. बोटांत स्नायू नाहीत, नुसत्या दोऱ्या. तेव्हा वाट सापडली. एका दोरीची दोन टोकं दोन बोटांना बांधायची, दोरी कप्पीवरून घ्यायची आणि ओढायची ती कप्पी. एक बोट अडलं तरी दोरी सरकते, दुसरं मिटत राहतं. वस्तूचा आकार बोटं आपणच शोधतात.

हे माझं संशोधन नव्हे. इटलीतल्या पिसा इथल्या संशोधकांनी असाच विचार करून १९ सांध्यांचा हात एका मोटारीवर चालवला. रोबोचा हात महाग होतो तो मुख्यतः मोटारींमुळे. वीसेक मोटारींच्या हाताची किंमत लाख डॉलरपर्यंत जाते. २०२३ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात १६ मोटारींचा लीप हँड तयार झाला. बाजारात मिळणाऱ्या मोटारी, थ्रीडी प्रिंटरवर छापलेले भाग, खर्च सुमारे दोन हजार डॉलर. तो प्रयोगशाळेतल्या रोबोसाठी. तरी आराखडा सर्वांना खुला ठेवला, याचं मला फार मोल वाटतं.

सोबत्याला शेवटी रोटरीच्या शिबिरात एलएन-४ हात फुकट मिळाला. अमेरिकेतल्या अर्नेस्ट मेडोज यांनी अपघातात गेलेल्या मुलीच्या आठवणीत तो घडवला. मोटार नाही, बॅटरी नाही. दुसऱ्या हाताने बोटं मिटवायची, की पकड बसते. त्या हाताने तो आता सायकलचं हँडल धरतो, पेन धरून सही करतो.

बारीक स्क्रू मात्र उचलता येत नाही. त्यासाठी अंगठा आडवा फिरून बोटांसमोर यायला हवा, आणि तो सांधा सर्वांत अवघड. मी चार अंगठे करून पाहिले. पाचवा बाकावर आहे. परवा सोबती म्हणाला, "भाऊ, याला जरा सैल ठेवा." मी पिन काढून भोक थोडं मोठं केलं.