परसातले अंडे कोणाच्या ताटात?

तुमच्या परसात चार कोंबड्या असतील, तर आठवडाभराची अंडी कुठे जातात ते एकदा मोजून पाहा. बहुतेक घरांत ती भुसा घातलेल्या टोपलीत साठतात आणि बाजारच्या दिवशी निघून जातात. घरच्या लक्ष्मीला त्यातून तेला-मिठाचे, पोरांच्या वह्यांचे पैसे सुटतात. ते पैसे तिच्या हक्काचे. ते बुडावेत असे कोण म्हणेल? पण सगळी अंडी विकून त्याच बाजारातून पोरांसाठी बिस्किटांचा पुडा येत असेल, तर हा सौदा तोट्याचा आहे.

साधारण ५० ग्रॅमच्या अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने आणि सुमारे ७० उष्मांक असतात. आकडा लहान दिसतो, पण ही प्रथिने अव्वल प्रतीची. आपल्या ज्वारीच्या भाकरीने पोट भरते, मात्र तिच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी पडतो. तो अंड्यात भरपूर असतो. म्हणून भाकरीसोबत अंडे असले की भाकरीही अंगी लागते. शिवाय डोळ्यांसाठी ‘अ’, हाडांसाठी ‘ड’ आणि रक्तासाठी ‘ब-१२’ ही जीवनसत्त्वे आहेतच. यातला बराचसा ऐवज पिवळ्या बलकात असतो. तो पोरांनी टाकू नये. ‘क’ जीवनसत्त्व तेवढे अंड्यात नाही. त्यासाठी ताटात लिंबाची फोड हवी.

आता आमच्या माता-भगिनींचा प्रश्न. कालवणातली अंडी आधी कर्त्या पुरुषांच्या ताटात पडतात, मग मुलांच्या. लेकीसुनांच्या वाट्याला रस्सा! त्यात सून गरोदर असेल तर ‘अंडे उष्ण, बाळाला बाधेल’ म्हणून तिला मुद्दाम दूर ठेवतात. या समजुतीला शास्त्राचा काही आधार नाही. उलट दोन जिवांची असताना तिलाच प्रथिनांची गरज जास्त. सासूबाईंनी तिच्या ताटात स्वतःच्या हाताने नीट उकडलेले अंडे वाढावे. बाळालाही सहा महिने पूर्ण झाल्यावर वरच्या अन्नाबरोबर ते कुस्करून थोडे थोडे देता येते. अंगावर पित्त उठले तर मात्र थांबवून डॉक्टरांना दाखवा.

तालमीतल्या गड्यांनाही दोन शब्द. दुधात कच्ची अंडी फोडून पिण्याने ताकद वाढत नाही. कच्च्या अंड्यातली प्रथिने शिजवलेल्याइतकी पचत नाहीत, आणि जंतूंची भीती वेगळीच. पाणी उकळू लागल्यावर दहा मिनिटे अंडे उकडा आणि मग खुशाल खा. निरोगी माणसाला रोज एक अंडे चालते. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावे. ज्यांच्या गळ्यात माळ आहे त्यांनी दूध, डाळी, शेंगदाणे, मोड आलेली कडधान्ये यांत कसूर करू नये.

पण मग बाजारच्या पैशांचे काय? त्याला तोड आहे. गावठी अंड्याला भाव चढा मिळतो. मात्र कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर आणि बलकाचा रंग तिच्या चाऱ्यावर ठरतो. पोल्ट्रीचे पांढरे अंडे पोषणात हलके नसते, आकाराने तर बहुधा मोठेच. तेव्हा गावठी अंडी विका आणि त्यातल्याच पैशांनी मुलांसाठी पोल्ट्रीची आणा. कारभारणीच्या हातात दोन पैसेही उरतील. शाळेवर विसंबू नका. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय आहारात आठवड्याला एक अंडे सुरू केले, पण जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला.

विकत आणलेले अंडे पाण्यात सोडून पाहावे. तळाशी आडवे बसले तर ताजे, उभे राहिले तर लवकर संपवावे, तरंगले तर टाकून द्यावे. साठवायची अंडी धुऊ नयेत, कोरड्या फडक्याने पुसावीत आणि निमुळते टोक खाली करून गार जागी ठेवावीत.